बाण मीच काढते

आज सकाळी माझी गल्ली उलटी झाली. उलटी म्हणजे कशी ते नीट सांगते, कारण मोघम बोलणाऱ्यांची मला मनापासून चीड आहे. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत मी माझा पिसांचा जाडा कोट धुवायला टाकला होता, तो घेऊन बाहेर पडले. लाँड्रीच्या दारातून उजवीकडे वळलं की आमची इमारत. कित्येक वर्षं झाली, तीच इमारत, तेच दार, तोच कुरकुरणारा जिना. मी उजवीकडे पाहिलं आणि उजवीकडे डावी बाजू होती. चावीवाल्याचं दुकान होतं, त्याच्या दारावरची ती हातभर पितळी किल्ली होती, बसथांबा होता, थांब्यावरचं मोडकं बाक होतं. एकही गोष्ट अनोळखी नव्हती. फक्त सगळं नको त्या हाताला होतं. मला प्रत्येक वस्तूचं नाव सांगता आलं असतं, पण घरी जायला पाऊल कुठल्या बाजूला टाकायचं, ते काही केल्या सांगता येत नव्हतं. मी कोट पोटाशी धरून फूटपाथवर उभी राहिले. बाबागाडी ढकलणारी एक तरुण बाई माझ्यापाशी थांबली, म्हणाली, “काही शोधताय का?” मी म्हणाले, “छे हो, जरा ऊन खातेय.” तिने आभाळाकडे पाहिलं. आभाळ गच्च भरलेलं होतं, उन्हाचा पत्ता नव्हता. ती बिचारी हसली आणि गेली, आणि तिच्या त्या हसण्यात वेड्या माणसाशी बोलताना येतो तो गोडवा होता. मग डोक्यात काहीतरी खटकन फिरलं आणि गल्ली जागेवर आली. उजवीकडे आमची इमारत होती, जिथे असायची तिथेच. मी वर गेले. किल्ली तिसऱ्या खेपेला कुलपात गेली.

दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, पित्त वाढलं, झोप झाली नाही, चहा घे आणि कामाला लाग. मीही चहा घेतला. पण माझा धंदाच दिशांचा आहे, त्याला काय करू? मी दगडांतलं जुनं चुंबकत्व मोजते. लोकांना हे सांगितलं की लोक आधी “हो का” म्हणतात आणि मग विषय बदलतात, म्हणून थोडक्यात सांगते. ज्वालामुखीचा रस थंड होऊन त्याचा दगड होतो, तेव्हा त्यातले लोहाचे बारीक कण त्या वेळच्या उत्तरेकडे तोंड करून कायमचे थिजतात. पुढे लाखो वर्षांनी कुणीतरी तो दगड फोडून मोजला, की पृथ्वीचा चुंबक तेव्हा कसा होता ते कळतं. आणि मौज अशी, की हा चुंबक मधून मधून उलटतो. उत्तरेची दक्षिण होते, दक्षिणेची उत्तर. का उलटतो, कसा उलटतो, हे कुणाला धड सांगता येत नाही. मी त्यात केस पांढरे केलेत आणि मलाही येत नाही. दरसाल उन्हाळ्याचे दोन महिने मी ध्रुवाजवळच्या बर्फावर असते. तिथे बर्फातून काळे सुळके वर आलेले आहेत, थरावर थर चढलेले, आणि त्या थरांना भोकं पाडून बोटाएवढ्या कांड्या काढणं हे आमचं काम. तिथे होकायंत्र निरुपयोगी. चुंबकी ध्रुव इतका जवळ, की सुई तोंड खाली करून तबकडीला चिकटते आणि हलतच नाही. म्हणून आम्ही सूर्यावर चालतो. उभ्या काडीची सावली बघायची, घड्याळ बघायचं आणि उत्तर काढायची. ऊन नसेल तर गप्प बसायचं. आणि ऊन नसताना परत तंबूकडे यायची वेळ आली तर बाईच्या डोक्यावर भरवसा ठेवायचा. बाई म्हणजे मी. तुकडीत मी, माझी विद्यार्थिनी टाचणी, आणि बर्फगाड्या सांभाळणारा एक मेकॅनिक, जो दरसाल बदलतो कारण दुसऱ्यांदा यायला कुणी तयार होत नाही. वाट मी ठरवते. पुढच्या महिन्यात निघायचं आहे. तो धुतलेला कोट त्यासाठीच होता.

मी भित्री नाही हो. हे सांगायला लागावं हेच वाईट, पण नाही. बर्फावर एकदा ढग खाली उतरला आणि जमीन-आभाळ एक झालं. सावली नावाची गोष्ट राहिली नाही. पायाखाली उंचवटा आहे की खड्डा, पायालाच कळेल अशी गत. त्या बर्फात भेगा असतात, वरून पातळ साय धरलेल्या, आत घर मावेल एवढ्या खोल. टाचणी माझ्या मागे दोरीला बांधलेली होती आणि घाबरून सारखी बोलत होती, लहानपणीच्या मांजराबद्दल काहीतरी. मी तिला म्हणाले, “मांजराचं पुढे काय झालं ते तंबूत सांग, आता माझ्या पावलावर पाऊल ठेव.” तेव्हा माझ्या पोटात काही म्हणजे काही हललं नव्हतं. मला माहीत होतं तंबू कुठे आहे. कसं माहीत होतं, ते विचारू नका. हाताला जसं तोंड माहीत असतं, तसं. आणि आज भरदिवसा, घरापासून शंभर पावलांवर, माझी पाचावर धारण बसली. मी चहाचा कप हातात घेऊन खिडकीशी उभी राहिले आणि खालची गल्ली पुन्हा उलटते का ते बघत राहिले. ती उलटली नाही. गल्लीने काही केलंच नव्हतं. गल्ली बिचारी गरीब, जिथल्या तिथे असते.

तेव्हा मला आईची बाही आठवली. खरं तर आठवली म्हणणं खोटं, ती सकाळपासून तिथेच होती आणि मी तिच्याकडे पाहायचं टाळत होते. आमची आई शिवणकाम करायची. शाळांचे गणवेश, दवाखान्यातले झगे, ढिगाने. डोळे मिटून कॉलर लावील असा हात. एक दिवस तिने एका शर्टाला उजवी बाही डावीकडे लावली, आणि लावली तीही आतली बाजू बाहेर. ताईने तो शर्ट अंगावर चढवला, हात मागे वळवून घरभर चालली, आणि आम्ही हसून हसून लोळलो. आईही हसली. हसता हसता तिने तो शर्ट ताईच्या अंगावरून ओढून काढला, उसवला आणि पुन्हा लावला, आणि पुन्हा तसाच लावला. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. पुढची काही वर्षं ताई गुपचूप तिचे कपडे उसवून नीट करून ठेवायची, आईला कळू नये म्हणून, गिऱ्हाइकांना कळू नये म्हणून, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. झाकली मूठ सव्वा लाखाची. आम्हाला वाटायचं आपण तिच्यावर माया करतोय. एका दुपारी आई आमच्याच दाराबाहेर उभी राहून मला विचारत होती, “इथे कोण राहतं हो?” मी म्हणाले, “तू राहतेस, आई.” तर ती म्हणाली, “मग मला आत का घेत नाहीत?” दार सताड उघडं होतं. तिचे ते डोळे मी विसरलेले नाही. ती मला ओळखत नव्हती, याचं मला तेवढं वाटलं नाही. पण ती भ्यालेली होती. आयुष्यभर कुणाला न भ्यालेली बाई एका उघड्या दाराला भ्यालेली होती.

मी ताईला फोन लावला. ताई आता सत्तरीला आली आहे, पण आवाज अजून शाळेच्या घंटेचा. मी म्हणाले, “ताई, आईचं सुरुवातीला काय काय झालं होतं ग?”

“का? काय झालं?”

“काही नाही. सहज.”

“सहज? तू मला जन्मात कधी सहज फोन केलायस? खरं सांग.”

“अगं, एक लेख वाचत होते. त्यात होतं काहीतरी.”

ताई म्हणाली, “बाही वगैरे नंतरचं. त्याच्या आधीच तिला कळलं होतं. आपल्याला काही पत्ता नव्हता, पण तिला माहीत होतं. एकटी बसून स्वतःलाच प्रश्न विचारायची. काल काय शिवलं, परवा कोण आलं होतं. उत्तर नाही आलं की घाबरायची, आणि घाबरली की भांडण काढायची, म्हणजे आपण दुसरं काही विचारू नये.”

“म्हणजे माझ्यासारखी.”

“तू पाळण्यापासून भांडतेस. तुझी गोष्ट वेगळी. पण आत्ता का विचारलंस ते सांग.”

“तुला प्रत्येक गोष्टीत खोडा घालायचाच असतो का ग? एक साधा प्रश्न विचारला तर उलटतपासणी!” असं म्हणून मी फोन आपटला. आपटल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. मी स्वयंपाकघरात फरशीवर बसले आणि स्वतःला विचारलं, काल काय केलंस? काल टपालात आलेल्या जाड्या मोज्यांचं खोकं फोडलं, बटाटे उकडले. परवा? परवा दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते. तेरवा? तेरवा काम केलं. काय काम? काम म्हणजे काम, रोज करते तेच. प्रत्येकाचा तेरवाचा दिवस असाच असतो, कुणालाही विचारा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय. मी उठले, तोंडावर पाणी मारलं आणि प्रयोगशाळेत गेले. बसमधून जाताना प्रत्येक थांब्याचं नाव तो यायच्या आधी मनात म्हणत होते. सगळी बरोबर आली. तरी पुढच्या थांब्याचं नाव मी दोनदा म्हणत होते.

प्रयोगशाळेत शिरले तर साहेब, म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख, जिन्यातच भेटले. तसे ते गेल्या आठवड्यापासून जमिनीवर नाहीतच. “उलटली, बाई, उलटली!” असं म्हणत त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. गोष्ट अशी, की गेल्या मोसमात त्या काळ्या सुळक्यावरच्या थरांतून आणलेल्या कांड्या मोजून झाल्या आहेत. खालच्या थरांचं चुंबकत्व आजच्यासारखं, वरच्या थरांचंही आजच्यासारखं, आणि मधले चार थर साफ उलटे. ह्या उलथापालथीचा जगात कुठेच दाखला नाही. साहेबांचं म्हणणं, ह्यावर आमची प्रयोगशाळा पुढची दहा वर्षं निवांत जगेल. लेखाचा मसुदा तयार आहे, पुढच्या मोसमात तिथूनच आणखी कांड्या आणायच्या आहेत, सगळी तजवीज झाली आहे. “तुम्ही नसतात तर हे हाती लागलं नसतं,” ते म्हणाले. “तुमचा हात म्हणजे हात आहे.” मी तोंड भरून हसले. आणि तिथेच, जिन्यात, त्यांनी माझा हात धरलेला असताना, माझ्या मनात पाल चुकचुकली. माझा हात. बाण.

बाणाचं सांगायला हवं. खडकाला भोक पाडलं की कांडी खडकातच उभी असते. तिच्यावर फटीची पितळी नळी सरकवायची, फटीतून तारेने कांडीच्या अंगावर एक सरळ रेघ ओढायची, सावली बघून दिशा टिपायची. मग कांडी हिसका देऊन बाहेर काढायची, आणि बाहेर काढल्यावर त्या रेघेला छोटे छोटे बाण काढायचे, खडकाच्या आतल्या दिशेने. आत कुठलं, बाहेर कुठलं, हे एकदा कांडी हातात आली की फक्त त्या बाणावरून कळतं. हे काम दिसायला पोरकट आहे. पण थंडीने बोटं लाकूड झालेली असतात, वारा कानात ओरडत असतो, आणि कांडी हातातल्या हातात कधी फिरते ते कळत नाही. माझ्या ओळखीचे चांगले चांगले लोक बाण उलटा काढून बसलेत. इतर कुठे त्याने नुसता गोंधळ होतो, आकडे विस्कटतात, लगेच पकडता येतं. पण ध्रुवाजवळ चुंबकाची ओढ जवळजवळ सरळ खाली असते. तिथे खाली बाण होता तो वर केला, की पृथ्वी उलटल्यासारखीच दिसते. अगदी हुबेहूब. म्हणून आमच्या तुकडीचा दंडक आहे, बाण मीच काढते. टाचणीने भोक पाडावं, पाणी सोडावं, सावली टिपावी. पण कांडी बाहेर आली की ती माझ्या तळहातावर ठेवायची. कुणाला हा माझा गर्व वाटतो. असेलही. उलट्या थरांच्या सगळ्या कांड्यांचे बाण मीच काढलेले होते, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तीच तर भीती होती. बाही आतून बाहेर लावणारीच्या पोटी जन्मलेल्या बाईने चार थरांचे बाण सलग उलटे काढले असतील, तर पृथ्वी उलटलेलीच नाही. उलटलंय ते दुसरंच काहीतरी.

ह्याचा निकाल लावता येतो, आणि तोही सोपा. खडकाचं बाहेरचं तोंड हजारो वर्षं वाऱ्याला असतं, त्यावर तांबूस खपली चढते. म्हणजे प्रत्येक कांडीचं बाहेरचं टोक खपलीचं. मोजायच्या आधी आम्ही ते टोक कापून टाकतो, कारण त्यातलं चुंबकत्व खराब झालेलं असतं. पण फेकत नाही, कोठीच्या खोलीत डब्यात टाकतो. त्या तुकड्यावर रेघेचा आणि बाणांचा थोडा भाग असतोच. खपलीपासून बाण दूर जात असेल तर बरोबर. खपलीकडे तोंड करून असेल तर उलटा. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी साहेबांचा हात सोडवला, चावी घेतली आणि कोठीकडे निघाले. टाचणी मोजणीच्या खोलीत होती. तिचं टाचणी हे नाव मीच ठेवलं, ती आली तेव्हा केसांत इतक्या लोखंडी पिना खोचून आली होती की तिला मोजणीच्या खोलीत घेता येईना. त्या खोलीत पट्ट्याचं बक्कलसुद्धा चालत नाही. शिवाय पोरगी काटकुळी आणि टोचून बोलणारी. हल्ली मात्र टोचत नाही. हल्ली फार पुढे पुढे करते. मी काही विचारायच्या आत उत्तर देते, मी दाराबाहेर पडले की कुठे चाललात म्हणून विचारते, रस्ता ओलांडताना माझ्या बाजूने चालते. मी दोनदा तिला झापलंय, “मी म्हातारी झाले का ग?” आत्ताही काचेतून तिने मला कोठीकडे जाताना पाहिलं आणि ती उभी राहिली. मी हाताने तिला बस म्हणून खुणावलं.

कोठीच्या खोलीत थंड होतं आणि दगडाच्या धुळीचा वास होता. मला तो वास आवडतो. मी त्या मोसमाचा डबा खाली ओढला. त्यात टोकांचा ढीग हवा होता, मिसळलेला, एकेक तुकडा उचलून त्याची कांडी शोधावी लागणार होती. डबा रिकामा होता. बुडाशी नुसती भुकटी. टाकले कुणी? मग मी शेजारचा खण ओढला. तो जड होता. आत सगळी टोकं ओळीने मांडलेली होती, प्रत्येकाच्या मागे त्याच्या कांडीचे उरलेले तुकडे, सांध्याला सांधा जुळवून, कागदी पट्टीने चिकटवलेले. सगळ्या खपल्या माझ्या डाव्या हाताला. आणि रेघेवरचे बाण, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, माझे बाण, माझ्या हाताचे, थोडे तिरपे, सगळे उजवीकडे. खपलीपासून दूर. एकही चुकलेला नाही. मी एकेकावर बोट ठेवत गेले. चारही उलटे थर. बरोबर, बरोबर, बरोबर. मला रडू फुटलं. मी ते दगड छातीशी धरायच्या बेतात होते. खरंच उलटली होती पृथ्वी. माझा हात शाबूत होता, माझं डोकं शाबूत होतं, गल्लीचं काय, गल्ली पित्ताने उलटली असेल. मी एवढी सुखावले, की हे कुणी मांडून ठेवलं हा प्रश्न मला जरा उशिराच पडला.

टाचणी दारात होती. कधी आली कळलं नाही.

“टाचणे, शाबास,” मी म्हणाले. “हे तू जुळवलंस? मला सांगितलं का नाहीस? किती वेळ वाचला असता माझा.”

तिने मागे दार लोटून घेतलं.

“अगं, शाबासकी देतेय. तोंड का पाडलंयस?”

“बाई, बसा ना जरा.”

“बसायला काय झालंय मला? विचारलेलं सांग.”

“मी नाही जुळवलं,” ती म्हणाली. “म्हणजे, मी एकटीने नाही. आपण दोघींनी. सोमवारी.”

ती सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगत गेली, आणि त्याचाही मला राग आला नाही, इतकी मी गारठले होते. सोमवारी सकाळी मी अशीच धापा टाकत आले होते. म्हणाले होते, माझे बाण उलटे असतील, कुणाला बोलू नकोस, चल. मग आम्ही दोघी इथे खाली फरशीवर बसून दिवसभर एकेक तुकडा जुळवत होतो. पट्ट्या मी कापल्या, चिकटवल्या तिने. सगळे बरोबर निघाले तेव्हा मी तिला मिठी मारली होती. “तुम्ही कधीच मारत नाही ना,” ती म्हणाली, “म्हणून मला फार बरं वाटलं होतं. आणि मंगळवारी तुम्ही मला विचारलंत, त्या डब्यातली टोकं अजून आहेत ना ग, एकदा बघायला हवीत.”

मी सोमवार शोधला. जीव तोडून शोधला. त्याच्या आधीचा रविवार होता, ताईकडे गेले होते, तिच्या गॅलरीतली रोपं बदलली होती. सोमवार नव्हता. सोमवारचं काही पुसट झालंय, असंही नाही. सोमवारच्या जागी तेरवाचं ते ‘काम केलं’ होतं, नुसते दोन शब्द, आणि त्यांच्यामागे काही नाही. तिच्या खांद्यावर मी हात टाकले होते म्हणे. माझ्या हातांना काही माहीत नव्हतं. मी माझे हात बघितले आणि मला त्यांची भीती वाटली. माझ्याशिवाय ते कुठे कुठे गेले होते, कुणाला ठाऊक.

“कुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही. आईशप्पथ. आणि सांगणारही नाही.” ती घाईघाईने येऊन माझ्याजवळ फरशीवर बसली. “बाई, तुम्ही काळजी करू नका. मी आहे ना. बर्फावर मी बघीन सगळं. सावली मी टिपीन, वाट मी लक्षात ठेवीन, तुम्ही विसरलात तर मी हळूच सांगीन, कुणाला कळणार नाही. तुम्ही फक्त चला. तुमच्याशिवाय ते काम काम नाही.”

तिचे डोळे भरले होते आणि ती मनापासून बोलत होती. आणि सकाळपासून मी जी काही भ्याले ती सगळी भीती एकीकडे, आणि हे ऐकून जी भ्याले ती एकीकडे. कारण ती खरंच आली असती. ढग खाली आल्यावर मी चुकीच्या बाजूला वळले असते, तर हिने हळूच सांगितलं असतं, आणि मी तिला झापलं असतं, आणि ती गप्प बसून माझ्या पावलावर पाऊल ठेवत त्या भेगेत उतरली असती. माझा मान राखायला. एवढीशी पोर, तिशीसुद्धा नाही.

“ऊठ,” मी म्हणाले. “साहेबांकडे जायचं. मी येत नाही म्हणून सांगायचं. तुकडी दुसऱ्या कुणाकडे द्या म्हणायचं. आत्ताच्या आत्ता, कारण उद्यापर्यंत मी हे विसरेन.”

ती उठली नाही. तिने तोंड हातांत लपवलं आणि ती हमसाहमशी रडायला लागली.

“आता काय?”

“हेही तुम्ही सोमवारी म्हणाला होतात.”

मी खणाच्या कडेला धरलं. “मग?”

“मग आपण गेलो. त्यांच्या दारापर्यंत गेलो. तुम्ही दारावर हात ठेवलात. आत ते कुणाला तरी फोनवर सांगत होते, उलटली म्हणून, खूप हसत होते. तुम्ही म्हणालात, आज त्यांचा आनंद कशाला घालवायचा, उद्या सांगू. आणि मंगळवारी तुम्ही मला बर्फावरच्या बुटांचं माप विचारलंत.”

मी तिला मनगटाला धरून उठवलं. हात दुखला असेल तिचा, मी जोरात धरला होता. “ऐक,” मी म्हणाले. “मी दाराशी थांबले तर तू बोलायचं. मी रागावेन. तुला खोटी पाडीन. हिला काय कळतं म्हणेन. तरी बोलायचं. कबूल?” तिने मान हलवली, पण ती हो होती की नाही, ते कळलं नाही. आम्ही कोठीतून बाहेर आलो. मोठ्या वऱ्हांड्यात दोन्ही बाजूंना दारं, सगळी एकाच रंगाची, आणि मी कुठल्याच दाराकडे न पाहता तिच्या चपलांकडे पाहत चालले, कारण दारं उलटी झाली तर मला सोसलं नसतं. चपला थांबल्या. आतून साहेबांचा आवाज येत होता. ते कुणाला तरी शिकवत होते की काय, पण मजेत होते, मध्येच हसत होते. मी दारावर हात ठेवला. आणि माझ्या डोक्यात एक विचार आला, अगदी शहाणा, अगदी नवा, स्वच्छ: की इतकी घाई कशाला. चांगलं चाललंय त्यांचं. आधी एखाद्या डॉक्टरांना दाखवावं, मग बोलावं. आज राहू दे. त्या विचाराने मला इतकं हलकं वाटलं, की मी हसूनच वळले.

“टाचणे,” मी म्हणाले, “मी काय म्हणते—”

तिने माझ्याकडे पाहिलं. ती पांढरीफटक पडली होती. तिने माझ्या हातातून आपलं मनगट सोडवून घेतलं आणि दोन्ही हातांनी दार ढकललं.

“सर,” ती म्हणाली, “बाई बर्फावर येत नाहीयेत. त्यांना आठवत नाही. त्यांनी मला सांगायला सांगितलंय.”

साहेबांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या जिभेवर आलं होतं, हिला काय कळतं, पोर आहे. सगळं तोंडाशी तयार होतं. टाचणी माझ्याकडे बघत नव्हती. पण ती दारातून हलत नव्हती.

“ती म्हणतेय ते खरं आहे,” मी म्हणाले.